शंकूची सावली आणि दोन संपात : प्रकल्प नोंदी

१२ सप्टेंबर २०२४

वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, सूर्य आकाशात जवळपास एकाच मार्गाने जातो. दोन्ही वेळी मध्यान्हीची उंची तीच, दिवसाची लांबी तीच आणि किरणांचा कोनही तोच असतो. तरीही उत्तर गोलार्धातील मध्य अक्षांशांवर मार्च हा थंडीचा शेवट असतो आणि सप्टेंबर हा उन्हाळ्याचा. सूर्य तोच असताना ऋतू वेगळे का, हा या प्रकल्पाचा मूळ प्रश्न आहे. या दोन वेळांना संपात म्हणतात. तो कसा घडतो हे बहुधा एका आकृतीत सांगून टाकले जाते आणि त्याच आकृतीतून ऋतूही समजले असे गृहीत धरले जाते. माझ्या मते या दोन गोष्टी आधी वेगळ्या करायला हव्यात आणि त्यानंतरच जोडायला हव्यात. म्हणून एका शरद, म्हणजे सप्टेंबरमधल्या, संपातापासून पुढच्या उन्हाळी अयनदिनापर्यंत, म्हणजे सूर्य सर्वांत उत्तरेला असतो त्या दिवसापर्यंत, सावलीची मोजणी करायची आणि प्रत्येक टप्प्यावर त्या मोजणीतून काय सिद्ध होते व काय होत नाही, हे लिहून ठेवायचे, असे ठरवले आहे.

मांडणी साधी आहे. २० अंश उत्तर अक्षांशावर, मोकळ्या जागी, दीड मीटर लांबीचा सपाट फलक उत्तर-दक्षिण ठेवला आहे. नुसत्या उभ्या काठीच्या, म्हणजे शंकूच्या, टोकाची सावली कडेला धूसर होते, कारण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाचे बिंब आहे. त्यामुळे काठीऐवजी फलकापासून बरोबर एक मीटर उंचीवर एक आडवी पत्र्याची पट्टी बसवली आणि तिला दोन मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडले. पट्टीच्या सावलीत सूर्यबिंबाचा उजळ ठिपका पडतो आणि त्याच्या मध्यावर खूण करता येते. छिद्रातून ओळंबा सोडून फलकावर पायबिंदू निश्चित केला. सर्व अंतरे याच बिंदूपासून मोजली जातील. पाणसळ लावून फलक समपातळीत आणायला बराच वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा. फलक उत्तर-दक्षिण दिशेत एका अंशानेही कलला तर मध्यान्हीच्या नोंदीत दोन मिलिमीटरांहून अधिक चूक शिरते. संपाताच्या सुमारास ठिपका दिवसाला आठेक मिलिमीटर सरकतो, म्हणजे ही चूक पाव दिवसापेक्षा मोठी भरते.

२२ सप्टेंबर २०२४

आज शरद संपात. त्याचा क्षण जागतिक वेळेनुसार १२ वाजून ४४ मिनिटांचा होता आणि येथील मध्यान्ह त्याच्या सुमारे सहा तास आधी होऊन गेले. ढग विरळ असल्यामुळे सकाळपासून दुपारपर्यंत ठरावीक अंतराने खुणा करता आल्या. मध्यान्ही ठिपका पायबिंदूच्या उत्तरेला ३६.२ सेंटिमीटरवर होता. सूर्य नेमका वैषुविक वृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वृत्तावर, असताना या अक्षांशावर हे अंतर ३६.४ सेंटिमीटर यायला हवे, कारण २० अंशांची स्पर्शज्या ०.३६४ आहे. सूर्य अजून किंचित उत्तरेला होता, त्यामुळे ठिपका दोन मिलिमीटर अलीकडे पडला. सहा तासांच्या वाटचालीचा हिशेब एका फळीवर इतका स्वच्छ दिसावा, याचा फार आनंद झाला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट खुणांच्या आकारात आहे. सगळ्या खुणा एका सरळ रेषेत आल्या आणि ती रेषा अगदी पूर्व-पश्चिम आहे. इतर कोणत्याही दिवशी ही रेषा वाकडी, अपास्त (हायपरबोला) नावाच्या वक्राच्या आकाराची येते. यामागचे कारण समजून घेतले की संपाताची व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा छिद्रातून येणारा सूर्यकिरण दिवसभरात पृथ्वीच्या अक्षाभोवती एक शंकूपृष्ठ रेखाटतो. सूर्य वैषुविक वृत्ताच्या उत्तरेला असो वा दक्षिणेला, त्या शंकूपृष्ठाला फलकाच्या पातळीने छेद दिला की वक्ररेषा मिळते. मात्र सूर्याचा किरण अक्षाशी काटकोन करतो त्या दिवशी शंकूपृष्ठ पूर्ण उघडून सपाट प्रतल होते, आणि प्रतलाने प्रतलाला छेद दिला की सरळ रेषाच मिळते. फलकावरची आजची सरळ रेषा म्हणजे अक्ष आणि सूर्यकिरण यांच्यामधल्या काटकोनाची खूण आहे. संपात म्हणजे हा काटकोनच.

येथे एक गैरसमज वारंवार भेटतो, म्हणून तो नोंदवून ठेवतो. संपाताच्या दिवशी पृथ्वी 'सरळ उभी' होते असे अनेकांना वाटते. अक्षाचा कल २३.४४ अंश आहे आणि तो संपातालाही तेवढाच असतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असताना अक्षाची दिशा ताऱ्यांच्या संदर्भात तीच राहते, पण सूर्याकडे जाणारी दिशा रोज बदलते. जूनमध्ये उत्तर ध्रुव सूर्याच्या बाजूला झुकलेला असतो, डिसेंबरमध्ये सूर्यापासून दूर. या दोन टोकांच्या मध्ये दोन वेळा असा क्षण येणे अटळ आहे की जेव्हा अक्षाचा कल सूर्याच्या संदर्भात आडवा पडतो. तो कल असतोच, पण त्याचा लाभ कोणत्याच ध्रुवाला मिळत नाही. अशा क्षणी दिवस-रात्रीची सीमारेषा दोन्ही ध्रुवांवरून जाते आणि प्रत्येक अक्षवृत्ताचे बरोबर दोन समान भाग करते. सूर्य सर्वत्र थेट पूर्वेला उगवतो आणि थेट पश्चिमेला मावळतो, मग निरीक्षक विषुववृत्तावर असो की ६० अंशांवर. हा क्षण साऱ्या पृथ्वीसाठी एकच असतो. स्थळानुसार बदलते ते फक्त घड्याळ.

२८ सप्टेंबर २०२४

संपाताला दिवस आणि रात्र समान असतात हे विधान भूमितीपुरते खरे आहे, प्रत्यक्षात नाही. आजचा सूर्योदय आणि सूर्यास्त टिपले, तेव्हा दोघांमधले अंतर १२ तासांच्या अगदी जवळ आले, म्हणजे संपात होऊन गेल्यानंतर. कारणे दोन. सूर्योदय आपण बिंबाची वरची कड दिसताच धरतो, मध्य दिसल्यावर नाही, आणि बिंबाची त्रिज्या सुमारे १६ कला आहे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). त्यात क्षितिजाजवळ वातावरणातील अपवर्तन सूर्याला सुमारे ३४ कला वर उचलून दाखवते. दोन्ही मिळून ५० कला होतात, म्हणजे बिंबाचा मध्य क्षितिजाखाली ५० कला असतानाच दिवस सुरू होतो आणि संध्याकाळी तेवढाच उशिरा संपतो.

विषुववृत्तावर यामुळे दिवस वर्षभर रात्रीपेक्षा मोठा राहतो. तो १२ तासांपेक्षा साधारण सहा-सात मिनिटांनी अधिक असतो आणि दिवस-रात्र समान असण्याचा दिवस तेथे कधी येतच नाही. २० अंशांवर ही वाढ सात मिनिटांची आहे, तर सप्टेंबरमध्ये दिवस रोज जेमतेम सव्वा मिनिटाने लहान होतो. म्हणून समान दिवस येथे संपातानंतर सहा दिवसांनी येतो आणि मार्चमध्ये संपाताच्या सहा दिवस आधी. ६० अंशांवर वाढ मोठी असते, १३ मिनिटांच्या आसपास, पण दिवसही रोज साडेपाच मिनिटांनी बदलतो, त्यामुळे फरक अडीच दिवसांवर येतो.

१६ ऑक्टोबर २०२४

मध्यान्हीचा ठिपका साडेपंचावन्न सेंटिमीटरवर गेला आहे आणि खुणांची रेषा आता उघडपणे वाकलेली आहे. महिन्याभरापूर्वीच्या सरळ रेषेशेजारी ती पाहिली की सूर्य दक्षिणेकडे किती झपाट्याने गेला ते लगेच कळते.

संपाताचा असाच काटेकोर हिशेब ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहांनाही ठेवावा लागतो. त्यांची कक्षा विषुववृत्ताच्या प्रतलात असते. वर्षाचा बहुतेक काळ पृथ्वीची सावली त्या कक्षेच्या वर किंवा खाली पडते आणि उपग्रहांवर अखंड ऊन राहते. मात्र सूर्य वैषुविक वृत्तापासून ८.७ अंशांच्या आत आला की सावली कक्षेला छेदते. त्यामुळे दोन्ही संपातांच्या आधी आणि नंतर साधारण तीन-तीन आठवडे हे उपग्रह रोज काही वेळ ग्रहणात जातात. संपाताच्या सुमारास ही मुदत ७० मिनिटांपर्यंत वाढते आणि तेवढा वेळ त्यांना विजेऱ्यांवर काढावा लागतो. या वर्षीचा शरद ग्रहणकाळ नुकताच संपला आहे.

२१ डिसेंबर २०२४

आज हिवाळी अयनदिन, जागतिक वेळेनुसार ९ वाजून २० मिनिटांनी. मध्यान्हीचा ठिपका ९४.७ सेंटिमीटरवर. गेल्या तीन दिवसांत तो जेमतेम एक मिलिमीटर सरकला, आणि आता तितकाच हळू परत फिरेल. सप्टेंबरमधला दिवसाला आठ मिलिमीटरचा वेग आठवला तर हा फरक फार बोलका आहे. सूर्याची क्रांती, म्हणजे वैषुविक वृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, संपाताच्या सुमारास दिवसाला सुमारे ०.४ अंशाने बदलते आणि अयनदिनाला जवळपास थांबते. म्हणजे संपात हा समतोलाचा क्षण असला तरी त्या वेळी स्थैर्य मुळीच नसते. प्रकाशाचे वाटप सर्वांत वेगाने बदलते ते नेमके तेव्हाच.

आज ठिपक्याकडे जवळून पाहिले. संपाताच्या मध्यान्ही तो १२ मिलिमीटर व्यासाचा, जवळपास गोल होता. आज तो १५ मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर लांब असा लंबगोल झाला आहे आणि उघडपणे फिका पडला आहे. येथे थोडी सावधगिरी हवी. ठिपक्याची वाढलेली रुंदी ही छिद्रापासूनचे अंतर वाढल्यामुळे आहे आणि ऋतूंशी तिचा संबंध नाही. ऋतूंशी संबंध आहे तो त्याच्या लांबट होण्याचा. किरण तिरपे आले की तोच प्रकाश उत्तर-दक्षिण दिशेत ताणून पसरतो. हिशेबाने, सूर्यकिरणांच्या एक चौरस मीटर झोताला सप्टेंबरच्या संपातात मध्यान्ही १.०६ चौरस मीटर जमिनीला ऊर्जा पुरवायची होती, आज १.३८ चौरस मीटर जमिनीला. प्रत्येक मीटरच्या वाट्याला तेवढे कमी आले.

२० अंशांवर हा फरक बेताचा वाटतो, पण अक्षांश वाढत गेला की तो भेदक होतो. ४० अंश उत्तरेला आज मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून फक्त २६.६ अंश वर येतो, जूनमध्ये तो ७३.४ अंशांवर असतो. नुसत्या कोनामुळे मध्यान्हीची ऊर्जा निम्म्याहून कमी होते. शिवाय दिवस सुमारे १५ तासांवरून ९ तास २० मिनिटांवर येतो. उंची आणि कालावधी ही दोन्ही कारणे एकाच कलातून निघतात आणि एकाच दिशेने काम करतात, म्हणून दिवसभराची ऊर्जा जूनच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उरते. ६० अंशांवर मध्यान्हीचा सूर्य ६.६ अंशांवर असतो आणि दिवस सहा तासांचाही नसतो. हिवाळा हा या दुहेरी कपातीचा परिणाम आहे.

४ जानेवारी २०२५

आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ आहे, सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर. येत्या ३ जुलैला ती १५.२१ कोटी किलोमीटरवर असेल. अंतरामुळे ऋतू होतात ही समजूत मोडायला ही एक तारीख पुरेशी आहे, कारण उत्तर गोलार्धात हिवाळा असताना आणि दक्षिण गोलार्धात उन्हाळा असताना पृथ्वी एकाच अंतरावर असते. अंतरातला फरक सुमारे ३.४ टक्के आहे आणि त्यामुळे पृथ्वीला मिळणारी ऊर्जा जानेवारीत जुलैपेक्षा जवळपास ७ टक्के अधिक असते. तो परिणाम नाकारता येत नाही, पण ४० अंशांवरच्या तिपटीच्या फरकापुढे तो फार लहान आहे. उलट पृथ्वीचे सरासरी पृष्ठतापमान जुलैतच जास्त असते, म्हणजे ती सूर्यापासून दूर असताना, कारण जमिनीचा मोठा वाटा उत्तर गोलार्धात आहे आणि जमीन लवकर तापते.

अंतराचा खरा ठसा ऋतूंच्या लांबीवर दिसतो. सूर्याजवळ पृथ्वी सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर वेगाने जाते, दूर असताना २९.३ किलोमीटरने. ग्रहांच्या गतीविषयीच्या केप्लरच्या दुसऱ्या नियमाचा हा थेट परिणाम आहे. म्हणून सप्टेंबरच्या संपातापासून मार्चच्या संपातापर्यंतचा अर्धा वळसा १७८ दिवस २० तासांत पुरा होतो, आणि मार्चपासून पुढच्या सप्टेंबरपर्यंतच्या अर्ध्या वळशाला १८६ दिवस ९ तास लागतात. उत्तर गोलार्धाचा उन्हाळी अर्धा भाग साडेसात दिवसांनी मोठा आहे. दोन संपात वर्षाचे दोन समान भाग करत नाहीत, ही गोष्ट शाळेत क्वचितच सांगितली जाते.

हे प्रमाणही कायमचे नाही. उपसूर्य बिंदू, म्हणजे कक्षेतला सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू, संपाताच्या संदर्भात हळूहळू सरकतो आणि सुमारे २१,००० वर्षांत एक फेरी पुरी करतो. तेराव्या शतकात तो हिवाळी अयनदिनाशी जुळला होता, आता तो दोन आठवडे पुढे आहे.

२ मार्च २०२५

पुढचा संपात २० मार्चला जागतिक वेळेनुसार ९ वाजून १ मिनिटाने आहे. गेल्या वर्षी तो २० मार्चलाच पण ३ वाजून ६ मिनिटांनी होता. एका वसंत संपातापासून दुसऱ्यापर्यंत सरासरी ३६५ दिवस आणि सुमारे ५ तास ४९ मिनिटे जातात, म्हणून संपात दरवर्षी तेवढा पुढे सरकतो आणि लीप वर्षात परत मागे येतो. ज्युलियन दिनदर्शिकेने हे वर्ष नेमके ३६५.२५ दिवसांचे मानले. चूक वर्षाला अकरा मिनिटांची होती, पण सुमारे १२८ वर्षांत ती एका दिवसाची होते. सोळाव्या शतकापर्यंत संपात २१ मार्चवरून ११ मार्चच्या आसपास आला होता. १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरून दहा दिवस गाळले गेले आणि शतकवर्षांपैकी ४०० ने भाग जाणारीच लीप ठेवली गेली. आपण वापरतो ती दिनदर्शिका संपाताला बांधलेली आहे, आणि म्हणूनच महिने ऋतूंपासून निसटत नाहीत.

२० मार्च २०२५

वसंत संपात. मध्यान्हीचा ठिपका ३६.५ सेंटिमीटरवर पडला, क्षण त्यानंतर दोनेक तासांनी आला. दिवसभराच्या खुणा सप्टेंबरच्या सरळ रेषेवर इतक्या जुळल्या की दोन्ही ओळी वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून दोन रंगांची शाई वापरावी लागली. किरणांचा कोन तोच, दिवसाची लांबी तीच. पृथ्वी-सूर्य अंतर थोडे वेगळे आहे, पण दोन्ही वेळी ते सरासरीच्या जवळच असते, त्यामुळे ऊर्जेत एक-दोन टक्क्यांपलीकडे फरक पडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दोन्ही संपातांना सारखाच सूर्य मिळूनही पृथ्वी सारखी नसते, याचा सर्वांत ढळढळीत पुरावा आर्क्टिक महासागरात आहे. उपग्रहांच्या नोंदींनुसार तेथील सागरी बर्फाचा विस्तार ११ सप्टेंबर २०२४ ला वर्षातला किमान, म्हणजे सुमारे ४२.८ लाख चौरस किलोमीटर होता. या मार्चमध्ये तो कमाल पातळीवर, सुमारे १ कोटी ४३ लाख चौरस किलोमीटरवर पोहोचला आहे. संपाताच्या सुमाराला मिळणारा सूर्यप्रकाश एकच, आणि बर्फ तिपटीहून अधिक. सूर्यप्रकाशाच्या नकाशात मार्च आणि सप्टेंबर ही जुळी भावंडे आहेत, बर्फाच्या नकाशात ती दोन टोके आहेत.

याचे उत्तर साठ्यात आहे. तापमान हे त्या क्षणी येणाऱ्या ऊर्जेवर ठरत नाही, ते आलेली आणि गेलेली ऊर्जा यांच्यातल्या साचत जाणाऱ्या फरकावर ठरते. डिसेंबरच्या अयनदिनाला उत्तरेकडे ऊर्जेची आवक किमान असते, पण त्या दिवशी तापमान किमान नसते, कारण जमीन आणि विशेषतः समुद्र उन्हाळ्यातली उष्णता अजून बाहेर टाकत असतात. आवक वाढू लागल्यावरही जोपर्यंत ती जावकीपेक्षा कमी आहे तोपर्यंत तापमान उतरतच राहते. खंडांच्या आतल्या भागात ही पिछाडी साधारण महिन्याभराची असते, तर समुद्राच्या पृष्ठभागावर ती त्याहून बरीच लांबते. पाण्याची विशिष्ट उष्णता कोरड्या मातीच्या कित्येक पट आहे आणि लाटांमुळे उष्णता दहा-वीस मीटर, कधी त्याहून खोलपर्यंत मिसळते, तर जमिनीत ती वरच्या थोड्या थरापुरतीच राहते. मार्चचा संपात मोठ्या खर्चानंतर येतो, सप्टेंबरचा मोठ्या जमेनंतर. प्रकाशाचा ताळेबंद दोन्ही दिवशी समान असतो, उष्णतेचा नसतो.

म्हणून संपाताला ऋतूचे कारण म्हणणे मला मान्य नाही. कारण आहे अक्षाचा कल, आणि संपात हा त्या कलाच्या वार्षिक परिणामाने शून्य ओलांडण्याचा क्षण आहे. वसंताची सुरुवात संपाताला मानणे ही खगोलशास्त्राची सोय आहे. हवामानशास्त्रात मार्च, एप्रिल आणि मे हा वसंत धरला जातो, कारण तापमानाच्या नोंदी पूर्ण महिन्यांत बसवणे सोपे जाते. दोन्ही पद्धती आपापल्या कामाला योग्य आहेत. त्यांच्यापैकी एक खरी आणि दुसरी खोटी असा वाद घालण्यात अर्थ नाही.

६ मे २०२५

आज शनीवर संपात आहे. शनीचा अक्ष सुमारे २६.७ अंश कललेला आहे आणि त्याला सूर्याभोवती एक फेरी करायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, त्यामुळे तेथे संपात साधारण पंधरा वर्षांनी येतो. याआधीचा ऑगस्ट २००९ मध्ये होता. शनीची कडी त्याच्या विषुववृत्ताच्या प्रतलात असल्याने संपाताला सूर्यप्रकाश कड्यांच्या धारेवर पडतो आणि कड्यांतल्या बारीक उंचवट्यांच्याही लांब सावल्या पडतात. गुरूचा कल फक्त तीन अंश आहे. तेथे संपात येतात, पण ऋतू नावापुरतेच. ऋतूंची तीव्रता कलावर अवलंबून असते, याची ही दूरवरची पण पक्की साक्ष आहे.

२० मे २०२५

आज मध्यान्ही ठिपका पायबिंदूवरच आला. सूर्य बरोबर डोक्यावर होता आणि ओळंब्याच्या दोरीची सावली दोरीखालीच लपली. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या प्रत्येक ठिकाणी असे वर्षातून दोनदा घडते. येथे दुसरा दिवस जुलैच्या उत्तरार्धात येईल.

उष्ण कटिबंधात संपात आणि ऋतू यांचे नाते मध्य अक्षांशांसारखे नसते, हे या निमित्ताने लिहायला हवे. विषुववृत्तावर सूर्य डोक्यावर येतो तो संपातांच्या दिवशी, आणि अयनदिनांना तो २३.४४ अंश बाजूला असतो. अंतराचा परिणाम बाजूला ठेवला तर तेथे वर्षातली सर्वाधिक ऊर्जा संपातांना आणि सर्वांत कमी अयनदिनांना मिळते, म्हणजे वर्षातून दोन शिखरे आणि दोन दऱ्या. पण दऱ्याही उथळच. शिखरापेक्षा त्या आठ टक्क्यांनीच खाली असतात. त्यामुळे तेथे ऋतू तापमानाने फारसे ओळखले जात नाहीत, पावसाने ओळखले जातात. सर्वाधिक तापलेल्या पट्ट्यावर हवा वर चढते आणि पाऊस पडतो. हा पट्टा सूर्यामागून उत्तरेला व दक्षिणेला जातो, त्यालाही काही आठवड्यांची पिछाडी असते आणि जमिनीवर तो समुद्रापेक्षा जास्त दूरवर ओढला जातो. विषुववृत्ताजवळच्या अनेक प्रदेशांत वर्षाला दोन पावसाळे असतात, कारण हा पट्टा जाताना एकदा आणि परतताना एकदा त्यांच्यावरून जातो.

२१ जून २०२५

उन्हाळी अयनदिन, जागतिक वेळेनुसार २ वाजून ४२ मिनिटांनी. आकाश बहुतेक झाकलेले होते, पण मध्यान्हीच्या आसपास थोडा वेळ उघडीप मिळाली. ठिपका आता पायबिंदूच्या दक्षिणेला सहा सेंटिमीटरवर आहे. फलकाच्या या बाजूला केलेली ही सर्वांत दूरची खूण.

आज वातावरणाच्या माथ्यावर उत्तर ध्रुवाला चोवीस तासांत मिळणारी ऊर्जा विषुववृत्ताला वर्षातल्या कोणत्याही दिवशी मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा अधिक आहे, कारण तेथे सूर्य २३.४४ अंशांवर राहून मावळतच नाही. तरीही ध्रुवावर बर्फ आहे. त्यातली बरीच ऊर्जा बर्फाच्या पांढऱ्या पृष्ठभागावरून परतते आणि उरलेली बर्फ वितळवण्यातच खर्ची पडते. मार्चच्या नोंदीत लिहिलेला साठ्याचा मुद्दा येथे दुसऱ्या बाजूने दिसतो, आणि बर्फाची किमान पातळी अजून पावणेतीन महिने दूर का आहे, हेही.

अक्षाच्या कलाविषयी एक हिशेब राहिला होता. हा कल सध्या शतकाला सुमारे ४७ विकलांनी (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) कमी होत आहे. सुमारे ४१,००० वर्षांच्या चक्रात तो २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान झुलतो. त्यामुळे कर्कवृत्त दरवर्षी १४ ते १५ मीटर विषुववृत्ताकडे सरकते. कल घटला की ऋतू सौम्य होतात, वाढला की तीव्र, पण संपात दोन्ही परिस्थितींत घडतच राहतात, कारण त्यांना कलाचा आकार लागत नाही, कल असणे पुरते. या फलकावर आजची खूण पुढच्या शतकात पायबिंदूकडे पाव मिलिमीटरही सरकणार नाही, आणि दोन मिलिमीटरच्या छिद्राने ते ओळखता येणार नाही. हा बदल मोजायचा असेल तर छिद्राची उंची कित्येक मीटर हवी आणि ठिपक्याचा मध्य ठरवण्यासाठी छायाचित्रे घ्यायला हवीत. त्या मांडणीची आकडेमोड पुढच्या टप्प्यात करणार आहे.